ठिपक्यांत उरलेले चेहरे

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर एक तसबीर आहे. तिच्यात फोटो नाही, वर्तमानपत्राचं कात्रण आहे. चार बोटं रुंद, कागद चहाच्या रंगाचा झालेला. भिंग धरलं की चेहरा विरून जातो आणि नुसते काळे ठिपके उरतात. भिंग बाजूला केलं की पुन्हा माझे थोरले चुलते समोर: कोवळी मिशी, तिरकी टोपी, आणि कडेला अर्धा कापला गेलेला कुणाचा तरी खांदा. तो खांदा आजोबांचा. सुट्टीवर आलेल्या पोराला घेऊन त्यांनी साताऱ्यात बापलेकांचा जोडीनं फोटो काढला होता. १९६५च्या सप्टेंबरात काका लढाईत पडले, तेव्हा घरात तेवढाच फोटो होता.

वार्ताहर एसटीनं आला आणि आठवडाभरात परत आणून देतो म्हणाला. आजीनं फोटो पदरानं पुसून त्याच्या हातात ठेवला. पाकिटात घातलेला फोटो कंडक्टरबरोबर शहरातल्या कचेरीत गेला, बातमी छापून आली, फोटो मात्र परत आला नाही. आजोबा दोन हेलपाटे घालून आले. मग आजीनं कात्रणालाच चौकट करून घेतली.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पलटणीत गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागतं. या लेखासाठी मी जुन्या फायली चाळल्या, माणसांना भेटलो, आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली. आपल्या जवानांचे छापून आलेले फोटो लढाईचे नव्हतेच. ते स्टुडिओतले, लग्नातले, पलटणीच्या समूहचित्रातून कापलेले. म्हणजे शांततेतले, घरच्यांसाठी काढलेले. वर्तमानपत्रानं ते उसने घेतले.

छापण्याची रीतही चेहऱ्याला फारशी दयाळू नव्हती. फोटोचा फोटो जाळीतून घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, आम्लानं खोदायचा आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा ब्लॉक. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत, त्यावर शाई पसरते, म्हणून जाळी मोठी ठेवावी लागे. त्यात डोळे नुसत्या सावल्या व्हायच्या. तरी आई ओळखायची.

त्याच्याही आधीच्या माणसांना हे ठिपकेसुद्धा मिळाले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांचा स्तंभ आहे, चेहरे नाहीत. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, कुट-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत, उपासमार होऊन शरण जाईपर्यंत. पुढे बसऱ्याला स्मारक झालं, पण त्यावर नावं कोरली ती ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१मध्ये. मला हे वाचून संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. नाव कोरायला दगड होता की!

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, आणि नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. १० जुलै १९४४ला घाडगे यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा घायाळ झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीची नळी हातात धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. मग आडून झाडलेल्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. देह सापडला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे आणि माणगावात पुतळा.

जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन अलीकडे आणलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, आणि मग शत्रूचे मोर्चे गप्प केले. ते १९८४पर्यंत जगले. म्हणून त्यांचं पिकलं वयही लोकांना पाहता आलं. घाडगे कायमचे बावीस वर्षांचेच राहिले.

नोव्हेंबर १९६२मध्ये आमच्या मातीतले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ही ओळ घरोघरी गेली. १९६५च्या छायाचित्रांत ते आघाडीवर जवानांशी बोलताना दिसतात. १९७१ला तर एकच छायाचित्र साऱ्या देशाचं झालं: ढाक्याच्या मैदानावरचं टेबल, शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानी जनरल नियाझी, शेजारी आपले जनरल अरोरा. त्याच्या आठवडाभर आधी जमालपूरला जंगी पलटणीनं, म्हणजे पहिल्या मराठा पलटणीनं, वाट अडवून धरली होती. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर धाडलं. रात्री त्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांनी तो मोडला. त्या रात्रीचा फोटो कोण काढणार? तिथे पडलेल्यांचे चेहरे छापून आले ते आतल्या पानावर, टपाल तिकिटाएवढे.

कारगिलनं हे बदललं. तोवर जवानाचे अंत्यसंस्कार बहुतेकदा आघाडीजवळच होत. घरी तार येई, मागून ट्रंक येई. १९९९ला तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येऊ लागली. छपाईही रंगीत झाली होती. फोटोत आता गर्दी आली, फुलांनी मढवलेला ट्रक आला, टाहो फोडणारी आई आली. त्या आईच्या तोंडापर्यंत कॅमेरा नेऊ नये असं मला वाटतं. तिनं फोटो दिलेला नसतो, तो घेतलेला असतो.

१७ नोव्हेंबर २०१५ला पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले. साताऱ्याच्या सैनिक शाळेचे ते विद्यार्थी. सप्टेंबर २०१७मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, आणि गणवेशातला त्यांचा फोटो छापून आला. त्या दिवशी पेपर काकूंच्या, म्हणजे तसबिरीतल्या काकांच्या पत्नीच्या, मांडीवर होता. १९६५ला त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या लग्नात फोटो काढलाच नव्हता. चष्मा पुसून त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग सुपारीच्या डब्याशेजारची कात्री घेतली, कडा सरळ ठेवत तो कापला आणि मला तसबीर उतरवायला लावली. मागचा पुठ्ठा सैल करून त्यांनी तो आत सरकवला, काकांच्या पाठीशी.