मुंब्र्याचा कातळ आणि आपली मुलं



गेल्या महिन्यात एका पालकांनी विचारलं, "सर, मुलाला प्रस्तरारोहण शिकायचंय. मुंब्र्याला पाठवू का? जागा सुरक्षित आहे ना?" मी म्हटलं, "जागा सुरक्षित नाही, पण तिथला सराव सुरक्षितपणे करता येतो." ते गोंधळले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध्य रेल्वेने जाताना कळव्यानंतर पारसिकचा डोंगर लागतो. त्याच्या मुंब्र्याकडच्या अंगाला काळ्या कातळाच्या भिंती आहेत. मुंबई-ठाण्याचे गिर्यारोहक कित्येक वर्षांपासून तिथे सरावाला येतात. कारण साधं आहे: लोकलचं तिकीट काढायचं, थोडं चालायचं, की कडा समोर. सह्याद्रीतल्या कड्यासाठी अख्खी सुट्टी लागते. इथे रविवारची सकाळ पुरते.

आता उणिवा. वाटेत कचरा आहे, घाण आहे, बाटल्यांच्या काचा आहेत. खालून गाड्यांचा आवाज येतो, त्यामुळे वरच्याची हाक नीट ऐकू येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दगड जागोजागी सैल आहे.

सैल का? हा आपल्या भूगोलाचाच धडा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा थरांवर थर पसरला. थंड होताना तो आकसला, म्हणून बेसॉल्टला भेगा पडल्या. पावसाळ्यात त्या भेगांत पाणी शिरतं, माती साचते, मग पिंपळ-उंबराची मुळं घुसतात आणि दगड हळूहळू सुटा होतो. मागच्या हिवाळ्यात घट्ट असलेली पकड यंदा घट्ट असेलच असं नाही.

म्हणून मुलांना तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती दगड वाजवून बघायची. आपण मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच. मुठीने ठोकलं की घट्ट दगड भरीव वाजतो, सुटलेला पोकळ, बद्द वाजतो. दुसरी गोष्ट, दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. भार पायांवर ठेवायचा, आणि पकड बाहेर नाही, खाली दाबायची. जिममधल्या कृत्रिम भिंतीवर रंगीत पकडी बोल्टने घट्ट बसवलेल्या असतात. तिथे ताकद वाढते, तंत्रही येतं, पण दगडावर शंका घ्यायची सवय मात्र लागत नाही. मला स्वतःला ही सवय जास्त मोलाची वाटते.

दोराचंही समजून घ्या. शिकणाऱ्या मुलांसाठी दोर वरून बांधलेला असावा, तोही किमान दोन स्वतंत्र आधारांना. खालचा साथीदार ढील काढत राहतो, त्यामुळे हात सुटला तरी मूल फार खाली येत नाही. चढाईचा दोर थोडा ताणला जातो. थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून झटका कमी बसतो. (नववीत संवेग शिकवताना हे उदाहरण द्या, मुलं विसरत नाहीत.) दुकानातला नायलॉनचा दोर इथे चालणार नाही, अजिबात नाही!

दोन वर्षांपूर्वी मी पाच मुलांना घेऊन गेलो होतो, प्रशिक्षकांबरोबर. एका मुलाने पकड बाहेर ओढली आणि विटेएवढा दगड निखळला. मुलगा हातभर खाली येऊन दोरावर लटकला, त्याला काही झालं नाही. दगड मात्र जिथे पडला, तिथे दोन मिनिटांपूर्वी मी बिनहेल्मेटचा उभा राहून फोटो काढत होतो. भिंतीच्या पायथ्याशी हेल्मेटशिवाय थांबू नका, असं प्रशिक्षकांनी सकाळीच बजावलं होतं. मी ते फक्त मुलांसाठी आहे असं समजलो!

तेव्हा मुलाला पाठवताना गिर्यारोहण संस्थेच्या माणसांना तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षकांनी रीतसर कोर्स केलाय का? एका प्रशिक्षकामागे किती मुलं? आणि पावसाळ्यानंतर त्या भिंतीवरचे सुटे दगड कोणी पाहिलेत का? उत्तर देताना कोणी चिडलं, तर दुसरी संस्था शोधा.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडताच. काळा कातळ लवकर तापतो. पाणी भरपूर न्या, बूट घाला. तिथे स्वच्छतागृह नाही. मुलींना हे आधीच सांगा, ऐनवेळी नको. आणि येताना कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सोबत असू द्या.