डोळा सांभाळताना : भाताची पात

पिरंगुटच्या कारखान्यातली ग्राइंडरची ठिणगी आज घ्यायची होती. ती थांबेल. मुळशीत भातकापणी सुरू आहे आणि कोळवण खोऱ्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. भारा उचलताना त्यांच्या घरधनिणीच्या डोळ्याला पात लागली. तिसऱ्या दिवशी डोळा बरा वाटला. मग दहाव्या दिवशी फूल कुठून आलं?

मेख त्या 'बरा वाटला'मध्येच आहे. बुबुळावरचं पारदर्शक पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्याची वरची साल त्याच्याही दहाव्या हिश्शाची. ती खरचटली की डोळा ठणकतो. दोन-तीन दिवसांत साल भरून येते, ठणका थांबतो. पण पातीवर फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशी असतात. जिवाणू शिरले तर बहुधा दोन दिवसांत बोंब होते. बुरशीला घाई नसते. आठ-दहा दिवसांनी राखाडी, कोरडा, पिंजलेल्या कडांचा डाग दिसतो, आणि डोळा दिसतो त्या मानाने दुखतही नाही.

मधल्या काळात काय काय पडतं डोळ्यात! एरंडेल, अंगावरचं दूध आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारणीकडचे उरलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, घर खूश, आणि बुरशी त्याहून खूश.

डॉक्टर आधी एकेका डोळ्याची नजर तपासतात. मग फ्लुरोसीनचा थेंब घालून निळा प्रकाश टाकतात. साल गेलेली जागा हिरवी चमकते. डाग असेल तर तो खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. पापणी उलटून पाहणंही आलंच. भाताचं तूस होडीसारखं असतं. पोकळ बाजूने चिकटलं की दिवसेंदिवस तिथेच राहतं आणि भलत्याच रोगाचं नाव घेऊन बसतं.

खरचटलेल्या डोळ्यावर वेळीच उपचार करण्याच्या बाबतीत मला नेपाळमधल्या भक्तपूरचा फार हेवा वाटतो. तिथे गावोगावच्या आरोग्यसेवकांना निळी बॅटरी आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं होतं: दिवसातून तीनदा, तीन दिवस. २००१ साली निष्कर्ष छापून आले. खरचटलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांना व्रण झालाच नाही, आणि अठरा तासांच्या आत आलेल्यांपैकी तर एकालाही नाही. मलम बुरशीवरचं नव्हे, तरी! आपल्याकडेही आशाताई घरोघर जातातच.

झोडताना साधा चष्मासुद्धा पात अडवतो. लोक हसतात, हे खरं. दमट हवेत काचा धुरकटतात, हेही खरं. म्हणून निदान भारा उचलताना आणि उफणताना तरी तो लावावा.

पत्रलेखकांना एवढंच: फूल म्हणून सोडून देऊ नका, आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा. बुरशीवर नाटामायसिनचे थेंब आहेत, पण ते आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. आणि आतापर्यंत घातलेली प्रत्येक बाटली पिशवीत घालून न्या, शेजारणीचीसुद्धा.