गोष्ट संपते, फोन संपत नाही!

बालमित्रांनो, एक साधं गणित सोडवा पाहू. रोज १० पानं वाचली, तर वर्षाला किती? ३,६५०! शंभर पानांचं एक पुस्तक धरलं, तरी ३६ पुस्तकं हातावेगळी झाली. १० पानांना वेळ लागतो फार तर वीस मिनिटं. मग आपली ती वीस मिनिटं जातात कुठे? खरं सांगा हं!

नवी मुंबईतलं बोनकोडे गावच घ्या ना. १९७० साली सिडको स्थापन झाली, तेव्हा या पट्ट्यातल्या गावांभोवती शेती, मिठागरं आणि खाडी होती. पुढे शेतांच्या जागी कोपरखैरण्याचे सेक्टर उभे राहिले. २००४ साली ठाणे-वाशी लोकल धावू लागली. गावं बदलली, तशा करमणुकीच्या सवयीही बदलल्या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८७ साली 'रामायण' मालिका लागली, की रविवारी सकाळी एकाच टीव्हीपुढे शेजारपाजारची मंडळी दाटीवाटीने बसायची. आता? घरात जितकी माणसं, तितके पडदे!

पण यात एक गंमत आहे, बरं का! त्या वेळी कार्यक्रम संपायचा आणि मुलं खेळायला पळायची. फोनवर मात्र बोट सरकवत राहा, खाली नवीन काहीतरी येतच राहतं. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती अझा रास्किन यांनी २००६ साली तयार केली. पुढे त्यांनाच तिचा पस्तावा झाला आणि त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलंही. पुस्तकाचं तसं नसतं. धडा संपतो, आपण थांबतो, विचार करतो. राक्षस केवढा, जंगल कसं, हे आपलं आपणच मनात रंगवतो. व्हिडिओत ते चित्र दुसऱ्याने आधीच काढलेलं असतं.

म्हणून फोन वाईटच, असं मुळीच नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुमच्या आईबाबांनी लहानपणी वाचलेला अंकही त्यात सापडेल. शोधा तर खरं! आणि कधी ठाण्याला गेलात, तर १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय पाहून या.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठीही. "वाच रे!" असं म्हणताना आपल्या हातात फोन असेल, तर मूल आपलं ऐकणार नाही, आपलंच पाहून शिकेल. जेवणानंतर वीस मिनिटं घरातले सगळे फोन कपाटावर ठेवून बघा. तुमचाही त्यात आला, बरं!

आणि मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. बोनकोड्यासारख्या आगरी-कोळी गावांतल्या कितीतरी आजींना लग्नातले धवले येतात, गावाच्या जुन्या गोष्टी तोंडपाठ असतात. त्यातल्या पुष्कळशा कुठल्याच पुस्तकात छापलेल्या नाहीत. तुमच्या आजीजवळ बसा, एक गोष्ट ऐका आणि तिच्याच बोलीत वहीत उतरवून घ्या. खाली तिचं नाव आणि आजची तारीख घाला. झालं की तुमचं स्वतःचं पुस्तक सुरू!