घर बांधताना आगीचाही विचार करा

तीन वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण वास्तुशांतीचे आमंत्रण घेऊन दवाखान्यात आले होते. नव्या घराचे कौतुक करताना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, स्वयंपाकघर असे बंदिस्त केले आहे, की मुंगी शिरायला फट नाही!" दोनच महिन्यांनी त्यांच्या पत्नीला भाजलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. रात्री शेगडीचे बटण किंचित उघडे राहिले होते. बाईंना सर्दी असल्याने पहाटे वास आला नाही. दिवा लावताच ठिणगीने भडका उडाला. बाई वाचल्या, पण उजव्या हाताची बोटे आजही पुरती मिटत नाहीत.

दोष नेमका कुठे होता? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला की तो जमिनीलगत साचतो. या घरात खिडकी ओट्याच्या वर आणि दाराला घट्ट उंबरठा. साचलेला गॅस जाणार कोठून? म्हणून स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीलगत जाळी लावलेला एक झरोका अवश्य ठेवावा. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. मात्र खड्ड्यात किंवा बंद कपाटात नको. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

गॅस खाली बसतो, तर आगीचा धूर वर चढतो. आगीत अनेकांचा जीव ज्वाळांआधी धूरच घेतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळत नाही आणि झोपलेला माणूस जागाही होत नाही. अशा वेळी बाहेर पडण्याचा मार्ग जवळ हवा. आपण चोरांच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना पक्के गज बसवतो. प्रत्येक झोपण्याच्या खोलीतील निदान एका खिडकीचे ग्रील आतून उघडणारे करून घ्या. त्याला कुलूप असेलच, तर किल्ली घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. घराला मागचे दार असावे. जिन्याखाली रद्दी, रॉकेल, रंगाचे डबे साठवू नयेत. तीच पळण्याची वाट असते. धुरात सापडल्यास वाकून किंवा रांगत बाहेर पडावे.

विजेच्या कामात काटकसर नको. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. गीझर व एअर कंडिशनरसाठी साधारण चारची लागते. बारीक तारेवर जास्त भार पडला की ती भिंतीच्या आत तापते, आणि बाहेर काही दिसत नाही. आयएसआय चिन्हाची तार, योग्य क्षमतेचे एमसीबी, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या गोष्टी वायरमनकडून आग्रहाने करून घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवा. विजेची स्कूटर रात्रभर दाराशी किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नका.

दोन किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगावे. शेगडीच्या वर नको, कारण तिथे आग लागली तर हात पोचणार नाही. कढईतील तेल पेटल्यास पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे.

एवढे करूनही कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात, नंतर सूज येते. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. स्वच्छ कापड झाकून रुग्णालय गाठावे.

गेल्या वर्षी मी स्वतःचे घर बांधले, तेव्हा जमिनीलगतचा झरोका सांगताच गवंडी म्हणाला, "साहेब, उंदीर येतील." मी म्हटले, "बारीक जाळी लाव." जाळीचा खर्च किरकोळ होता. घराचा नकाशा अजून कागदावर असेल, तर या गोष्टी आजच त्यात उतरवून घ्या. भिंती उभ्या राहिल्यावर त्याच कामाला फोडाफोड करावी लागते.