एका वर्षाची गाडी: भाव कसा ठरवावा?

बैल घ्यायला गेलो की आपण काय करतो? आधी त्याचे तोंड उघडतो. दात पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळला, ते पाहतो. मग त्याला चालवून पाहतो. खूर पाहतो, खांदा पाहतो. मालक काय सांगतो ते ऐकून घेतो. पण विश्वास ठेवतो तो आपल्या डोळ्यांवर. एवढे झाल्यावर मग भावाची गोष्ट.

हीच शहाणी माणसे मोटार घ्यायला गेली म्हणजे मात्र बावचळतात. गाडी चकचकीत असते. दार उघडले की नवा वास येतो. मालक म्हणतो, "एकच वर्ष झालं, नवीच समजा." आणि आपण नव्याचा भाव मोजून मोकळे होतो.

नांदगाव खंडेश्वर भागात चारचाकी आता नवलाची राहिली नाही. अमरावती-यवतमाळ रस्ता गावावरून जातो. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, तोही आपल्या तालुक्यातून गेला. नवी गाडी परवडत नाही, फार जुनी घ्यायची भीती वाटते. म्हणून पुष्कळ लोक वर्ष-दीड वर्ष वापरलेली गाडी शोधतात. विचार चांगला आहे. पण भाव नीट करता आला पाहिजे.

समजा, एक घर आहे. घरातल्या म्हातारीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अमरावतीला न्यावे लागते. डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे. जाताना एसटी चालते. येताना तिला उभे राहवत नाही. दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. घराने पाच लाख रुपये जमवले आहेत. त्यात सोयाबीनचे आहेत, तुरीचे आहेत, सुनेने बचत गटात टाकलेलेही आहेत. हा पैसा चुकीच्या जागी गेला तर पुन्हा जमायचा नाही.

गावातल्या गुरुजींची बदली झाली. त्यांना गाडी विकायची आहे. लहान पेट्रोल गाडी, वय चौदा महिने. गुरुजी सव्वासहा लाख मागतात. म्हणतात, "मी स्वतः साडेसात लाख मोजले. सव्वा लाख सोडतोच आहे की."

गुरुजी खोटे बोलत नाहीत. त्यांनी साडेसात लाख खरेच मोजले. पण गुरुजींनी काय मोजले, हा घेणाऱ्याचा प्रश्नच नव्हे. मागच्या साली सरकी महाग होती म्हणून यंदा कोणी त्या भावाने घेतो काय? घेणाऱ्याने विचारायचे ते एवढेच: हीच गाडी आज नवी घेतली तर कितीला पडेल?

इथे एक मोठा फरक पडला आहे, तो नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कर कमी झाला. लहान पेट्रोल गाडीवर आधी शेकडा २८ कर आणि वर शेकडा १ उपकर होता. आता एकूण कर शेकडा १८ आहे. समजा, गाडीची कर सोडून किंमत ५,००,००० रुपये आहे. जुन्या करात ती ६,४५,००० ला मिळे. नव्या करात ५,९०,००० ला मिळते. म्हणजे ५५,००० रुपये तर गाडी जागेवरून न हलता उतरले. गुरुजींनी गाडी घेतली ती या तारखेच्या आधी. दोष त्यांचा नाही, पण म्हणून तो फरक आपण का भरावा?

आता ५,९०,००० वर रोड टॅक्स, नोंदणी, विमा हे सगळे धरले, तर आपल्या उदाहरणातली नवी गाडी सुमारे ६,९०,००० ला दारात उभी राहते. गुरुजी मागतात ६,२५,०००. चौदा महिने चाललेली गाडी घेऊन वाचले किती? फक्त पासष्ट हजार! यापेक्षा थोडे कर्ज काढून नवी घेतलेली काय वाईट?

मग वाजवी भाव कोणता? त्याला एक चांगले माप आहे. ते विम्याच्या कागदात सापडते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी किती पैसे देईल, तो आकडा विम्याच्या कागदावर छापलेला असतो. तो काढायची रीत अशी. कंपनीची आजची छापील विक्री-किंमत घ्यायची, तीत टॅक्स-नोंदणीचा खर्च धरायचा नाही. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर शेकडा ५ वजा. सहा महिने ते एक वर्ष, शेकडा १५ वजा. एक ते दोन वर्षे, शेकडा २० वजा. दोन ते तीन वर्षे, शेकडा ३०. पुढे पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला आणखी दहा.

गुरुजींची गाडी चौदा महिन्यांची. म्हणजे ५,९०,००० मधून शेकडा २० वजा. १,१८,००० गेले. राहिले ४,७२,०००.

पण आपण न्यायाने वागले पाहिजे. गुरुजींनी रोड टॅक्स एकदम भरला आहे. तो गाडीबरोबर आपल्याकडे येतो. नव्या गाडीचा तिसऱ्या माणसासाठीचा विमा २०१८ च्या सप्टेंबरपासून तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. त्यातलीही पावणेदोन वर्षांच्या वर मुदत शिल्लक आहे. याचे तीसेक हजार धरायला हरकत नाही. झाले ५,०२,०००. पुढचे दोन टायर झिजले आहेत, त्याचे आठ हजार वजा केले. ४,९४,००० उरले.

हा आकडा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. ज्या गाडीला बाजारात मागणी आहे तिला जास्त मिळते. जिचे सामान मिळत नाही तिला कोणी विचारत नाही. म्हणून अमरावतीला वापरलेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दोघा-तिघांकडे चक्कर टाका. एकाला विचारा, "अशी गाडी विकायची आहे, किती द्याल?" दुसऱ्याला विचारा, "अशी गाडी पाहिजे, कितीला द्याल?" पहिला आकडा कमी असेल, दुसरा जास्त. मधला पैसा व्यापाऱ्याचा नफा. घरगुती सौद्याचा वाजवी भाव या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

नवी गाडी दुकानातून बाहेर पडली की लगेच एवढी का उतरते, हेही कळले पाहिजे. झीज तर फारशी झालेली नसते. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणाऱ्याच्या मनात येते, "चांगली असती तर विकली कशाला असती?" म्हणून तो सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मला विकायचीच नाही. बाजारात वाईट गाड्याच जास्त उरतात. अमेरिकेत अशा खोडीच्या गाडीला लोक 'लिंबू' म्हणतात. २००१ साली अकरलॉफ यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बैलबाजारात बसले असते तरी त्यांना हेच दिसले असते.

तेव्हा भाव हा बराचसा संशयाचा असतो. जो मालक संशय फेडतो, त्याला चार पैसे जास्त द्यावेत. जो फेडत नाही, त्याची गाडी स्वस्तातही घेऊ नये.

संशय फेडायचा कसा? मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. ते मागे फिरवणारे लोक आहेत. कंपनीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा. दर पावतीवर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. टायर पाहा. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. ०८२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या आठव्या आठवड्यात तयार झाला. हे टायरचे दात समजा! गाडी एका वर्षाची आणि टायर गाडीहून नवे, असे असेल तर विचारा, का बदलले? दारांचे आणि बॉनेटचे बोल्ट पाहा. त्यांचा रंग उडाला असेल तर ते कोणीतरी खोलले आहेत. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आत गाळाचा डाग दिसला तर गाडी पुराच्या पाण्यात होती. आणि हे सगळे उन्हात पाहा. संध्याकाळी गाडी पाहू नये, पावसात तर मुळीच नाही. ओल्या अंगाला सगळेच रंग सारखे दिसतात.

विम्याच्या कागदावर आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या वर्षात विम्याचा पैसा मागितला नसेल, तर दुसऱ्या वर्षी साधारणपणे शेकडा २० सूट मिळते. ती सूट दिसली नाही तर समजावे, काहीतरी घडले होते. घडले असेल तर सौदा मोडायलाच पाहिजे असे नाही. पण काय घडले ते कळले पाहिजे. एक मात्र ध्यानात ठेवा: ही सूट मालकाची असते, गाडीची नसते. ती आपल्याला मिळत नाही.

आता बोलणे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव करतो. इथे रुमाल नको, कागद हवा. घरूनच शेवटचा आकडा लिहून न्यावा. तो घरातल्या बाईला विचारून लिहावा, कारण नंतर घर तिलाच चालवायचे असते. गाडीची निंदा करू नये. म्हातारीच्या दुखण्याची गोष्टही काढू नये. आपली गरज दिसली की भाव चढतो.

"गुरुजी, गाडी चांगली ठेवली तुमी."

"मग! एक ओरखडा नाही, काका."

"बंपर रंगवला दिसते, नाई का?"

"हो, तो फाटकाला घासला होता. पावती आहे माझ्याजवळ."

"नवी आज पाच नव्वदले हाय शोरूममदी. विम्याच्या हिशोबानं तुमची चार बहात्तरची होते. तुमी टॅक्स भरला, त्याचं मी येगळं धरलं. चार ऐंशी देतो."

"नाही काका, फार कमी झालं. साडेपाच तरी पाहिजेत."

इथे गप्प राहावे. चहा घ्यावा. हिशोबाचा कागद गुरुजींसमोर ठेवावा आणि त्यांना वाचू द्यावा. ओरडून भाव उतरत नाही. कागद वाचून उतरतो. गुरुजींनाही बदलीच्या गावी जायचे आहे, आणि व्यापाऱ्याने त्यांना किती सांगितले ते त्यांना ठाऊक आहे. चार लाख नव्वद हजारांना सौदा बसला, तर दोघांचेही बरे झाले. आणि नाहीच बसला, तर राम राम करून उठावे. गाड्या पुष्कळ आहेत.

भाव ठरला म्हणून लगेच पैसे देऊ नका. आरसी बुकावर बँकेचे नाव आहे का ते पाहा. असेल तर गाडीवर कर्ज आहे. पुष्कळ ठिकाणी असे सांगतात, "एवढे रोख द्या, पुढचे हप्ते तुम्ही भरत चला, फिटले की गाडी नावावर करून देतो." हे कधीही कबूल करू नका. हप्ते तुम्ही भराल आणि गाडी त्याची राहील. उद्या त्याचे मन फिरले, तो गावातून गेला, किंवा त्याला काही झाले, तर म्हातारी पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभी. कर्ज किती उरले ते बँकेतच विचारावे. तेवढा पैसा सरळ त्या कर्जखात्यात भरावा, उरलेला मालकाला द्यावा. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेतल्यावरच पुढे सरकावे.

ईसार दिला तर ईसार पावती घ्यावी. बाकीचा पैसा बँकेतून द्यावा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याला चालत नाही. शेजारच्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओचे पत्र लागते, आणि इथला टॅक्स आपल्यालाच भरावा लागतो. तो धरून मग बोला. चलनाचा दंड थकला आहे का, तेही गाडीचा नंबर टाकून मोबाइलवर पाहता येते. लिहिता-वाचता येऊ लागल्याचा हा फायदा घ्यावा.

गाडी नावावर करायला नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. कोऱ्या नमुन्यावर कोणीही सही करू नये. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. हे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्याच्या हिताचे आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की, गाडी विकली तरी आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणून गुरुजींनी नमुना २९ ची पोच घेऊन आपल्या पेटीत ठेवावी. आणि काकांनी चौदा दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून विमा आपल्या नावावर करून घ्यावा; त्या अर्जाला आरसीची नक्कल आणि विक्रीचा कागद जोडावा लागतो.