शेवयांची खीर

शेवया दुधात शिजविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात ‘सेविका’ या नावाने तिचा उल्लेख येतो. रोमच्या आल्फ्रेदो दि लेलिओ याच्या सुप्रसिद्ध गव्हाच्या फितींत मूळची साय नव्हतीच, केवळ लोणी व चीज! फिती शिजताना पाण्यात उतरणारे गव्हाचे सत्त्वच त्यांस दाटपणा देते. आमच्या जुन्नरकडील खिरीचेही मर्म हेच. अर्धी वाटी शेवया तुपात मंदाग्नीवर बदामी भाजाव्या. कच्च्या टाकिल्यास लगदा होतो. मग उकळत्या चार वाट्या दुधात सोडून, मऊ झाल्यावरच साखर व वेलदोडा घालावा. गूळ घालणे झाल्यास मात्र खीर निवू द्यावी. उतावळेपणाने दूध नासते, हे आम्ही एका सणाला अनुभविले आहे!