आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेसाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणे, हे या वेधशाळेचे काम. हळद, कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या, पावसाच्या मर्जीवर जगणाऱ्या या जिल्ह्यात एवढ्या रकमेतून दुसरे काय काय झाले असते, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हे. साधने मर्यादित असताना एका कामावर खर्च केलेला रुपया दुसऱ्या कामासाठी उरत नाही, या साध्या सत्यापासूनच अर्थशास्त्राची सुरुवात होते. तेव्हा या प्रश्नाला सरळ उत्तर देणे हे विज्ञानाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. मात्र ते उत्तर आपल्याकडे ज्या रीतीने दिले जाते, ती रीत समाधानकारक नाही.

नेहमीचे उत्तर असे असते: मूलभूत संशोधनातून पुढे उपयुक्त वस्तू निर्माण होतात. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी शास्त्रज्ञांच्या सोयीसाठी मांडलेल्या कल्पनेतून आजचे माहितीचे विश्वव्यापी जाळे निर्माण झाले, हे उदाहरण त्यासाठी हटकून दिले जाते. ते खरेही आहे. परंतु अशा लाभांची हमी आगाऊ देता येत नाही. आणि केवळ उपयुक्त वस्तूच हव्या असतील तर त्यांच्यावरच थेट खर्च का करू नये, या प्रतिप्रश्नाला उत्तर उरत नाही. दुधासाठी म्हैस पाळायची आणि गोवऱ्यांचा हिशेब दाखवून तिची किंमत पटवून द्यायची, अशातला हा प्रकार आहे. वेधशाळेचे मुख्य उत्पादन ज्ञान हे आहे. त्या ज्ञानाचेच मोल सांगता आले पाहिजे.

लहरींची वार्ता

हे ज्ञान केवढे विलक्षण आहे, ते पाहावे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील यंत्राला एक सूक्ष्म थरथर जाणवली आणि अवघ्या सात सहस्रांश सेकंदांनी, तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या हॅनफर्ड येथील यंत्रालाही तीच जाणवली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर प्राणिसृष्टी अवतरण्याच्याही आधी, दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या घटनेची ही वार्ता होती. एकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचे २९ पट. आणि दोहोंच्या मीलनातून निर्माण झालेल्या कृष्णविवराचे मात्र ६२ पट. या बेरजेत हरवलेली तीन सूर्यांची तूट लहरींच्या रूपाने विश्वात पसरली. आइन्स्टाइनने १९१६ साली कागदावर वर्तविलेल्या लहरी प्रत्यक्ष हाती लागण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

यंत्राची रचना तत्त्वतः साधी आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. लेसरचा एक किरण दुभागून दोन्ही भुजांत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परतवायचा आणि पुन्हा एकत्र आणायचा. लहर येताच एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते आणि परतलेल्या प्रकाशाचा मेळ बिघडतो. या पहिल्या लहरीने केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. एवढी क्षीण खूण गोंगाटातून निवडून काढायची म्हणजे जत्रेच्या कोलाहलात ओळखीचा आवाज हेरण्यासारखे आहे. त्यासाठी तो आवाज कसा असेल हे आधी ठाऊक हवे. अपेक्षित लहरींचे आराखडे अगोदर मांडून त्यांच्याशी नोंदी ताडून पाहण्याच्या या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहरी सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम केले होते.

आता हिंगोलीच का, हेही समजून घ्यावे. एक कान असला की आवाज ऐकू येतो. तो कोठून आला हे कळण्यास दुसरा कान लागतो. २०१५ च्या घटनेचे स्थान दोन यंत्रांना आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यापर्यंतच निश्चित करता आले. एवढ्या जागेत सुमारे तीन हजार पूर्णचंद्र मावतील. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील ‘व्हर्गो’ हे तिसरे यंत्र साथीला असताना न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची नोंद झाली, तेव्हा हे क्षेत्र सुमारे ३० चौरस अंशांवर आले. साहजिकच जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा पुरावा त्यांना मिळाला. सराफाच्या पेढीवरील सोन्याचा काही अंश तरी अशाच एखाद्या प्रलयातून आलेला असावा! जुन्नर तालुक्यातील खोडद येथील आपल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही पुढे या घटनेचा माग घेतला. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेल्या भारतात आणखी एक कान उघडला की दिशा अधिक नेमकी कळेल, हे औंढ्याच्या प्रकल्पामागील तर्कशास्त्र आहे.

सार्वजनिक वस्तू आणि तिची वाहतूक

पॉल सॅम्युअलसन यांनी १९५४ साली ‘सार्वजनिक वस्तूं’ची कल्पना काटेकोरपणे मांडली. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, अशी ही वस्तू. भाकरी दोघांत वाटली तर अर्धी होते. पायथागोरसचा सिद्धांत दोन कोटी विद्यार्थ्यांत वाटला तरी प्रत्येकाला अख्खा मिळतो. ज्ञानाच्या याच गुणधर्मावर पॉल रोमर यांनी १९९० साली आर्थिक वाढीचा सिद्धांत उभारला आणि त्याबद्दल २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाजाराला अशा वस्तूंतून पुरेसा नफा मिळत नाही. म्हणून त्यांचा खर्च समाजाने, म्हणजे सरकारने उचलावा, हे ओघानेच येते. मूलभूत संशोधनावरील सरकारी खर्चाचे खरे समर्थन हे आहे.

पण येथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. सार्वजनिक वस्तूचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे दीपगृह. त्याचा प्रकाश प्रत्येक खलाशाच्या डोळ्यांपर्यंत आपोआप पोहोचतो. ज्ञान तसे आपोआप पोहोचत नाही. ते इंग्रजी शोधनिबंधात, गणिताच्या परिभाषेत बंदिस्त असते. ते वाटल्याने कमी होत नाही हे खरे; पण वाटण्याला श्रम पडतात, वेळ लागतो, भाषा घडवावी लागते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे स्थिती उलट आहे. आड तुडुंब भरलेला आहे. पोहरा आणि दोर यांचीच तरतूद नाही. आणि जी सार्वजनिक वस्तू सार्वजनिकांपर्यंत पोहोचतच नाही, तिच्यासाठी सार्वजनिक पैसा मागण्याचा नैतिक अधिकार दुबळा होतो.

पोहऱ्याचे महत्त्व इतिहासाने दाखविलेले आहे. लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेला दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने १८१२ साली हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, स्वतः बांधून डेव्हींना पाठविली आणि पुढल्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरीला लागला. १८३१ साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आजची वीजनिर्मिती प्रामुख्याने त्याच तत्त्वावर चालते. चार तिकिटांचा याहून किफायतशीर विनियोग अर्थशास्त्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल. नाताळात मुलांसाठी व्हावयाची व्याख्यानमाला त्या संस्थेत १८२५ साली सुरू झाली आणि फॅरडेने तेथे एका साध्या मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने अजरामर झाली.

मराठीलाही ही परंपरा परकी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत मांडले जात. पुण्यात १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ निघाले. मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. याच परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी आपले नाव लपवून कथा पाठविली आणि बक्षीस मिळविले. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाने मराठीत लिहिणे कमीपणाचे मानू नये, हा धडा ते मागे ठेवून गेले आहेत.

श्रोता हाही उत्पादक

ज्ञान वाटणे म्हणजे वरून खाली केलेले दान, अशी कोणाची समजूत असेल तर तीही टाकून दिली पाहिजे. २००७ साली दीर्घिकांची लक्षावधी छायाचित्रे सामान्य माणसांपुढे वर्गीकरणासाठी ठेवण्यात आली. हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेला त्यांतील एका दीर्घिकेशेजारी एक चमत्कारिक ठिपका दिसला. तो काय आहे, असे तिने विचारले आणि खगोलशास्त्राला एक नवीनच वस्तू मिळाली: शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रारणाने उजळलेला एक प्रचंड वायुमेघ. २०१० साली घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ मागून चालविलेल्या प्रकल्पातून एक नवा पल्सार सापडला. भारतातही २०१३ पासून ‘रॅड ॲट होम’ या उपक्रमात हौशी विद्यार्थ्यांना खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा वाचण्यास शिकविले जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे ग्राहक हाच उत्पादक होतो.

मात्र वाटण्यालाही शिस्त हवी. विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वीय लहरींची खूण दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीला सापडली, असे मार्च २०१४ मध्ये जाहीर झाले आणि जगभर जल्लोष झाला. वर्षभराच्या आतच, ती खूण आपल्याच आकाशगंगेतील धुळीमुळेही उमटू शकते असे स्पष्ट झाले आणि दावा टिकला नाही. यात विज्ञानाची नाचक्की नाही. आपले म्हणणे तपासून मागे घेण्याची रीत हीच विज्ञानाची प्रतिष्ठा आहे. नाचक्की होते ती अपुरी बातमी ठासून सांगणाऱ्याची. आज हाताच्या बोटावर ‘चमत्कारिक शोध’ क्षणात गावभर फिरतात. म्हणून काय मोजले, कसे मोजले आणि खात्री किती, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणतीही वार्ता पुढे सांगू नये.

शंभरातला एक रुपया

यावर उपाय काय? शासनाने मोठ्या संशोधन प्रकल्पाच्या प्रत्येक शंभर रुपयांतील एक रुपया, ते ज्ञान स्थानिक भाषेत पोहोचविण्यासाठी कायद्याने राखून ठेवावा. औंढ्याच्या प्रकल्पापुरती ही रक्कम २६ कोटी होते. हिंगोली, परभणी, नांदेड येथील शिक्षकांची शिबिरे, मराठीतील नियमित वार्तापत्र, आणि जवळपासच्या महाविद्यालयांत त्या यंत्राच्या तत्त्वावर चालणारे, मेजावर मावेल असे उपकरण, एवढे तरी त्यातून सहज साधेल. अशा प्रकल्पांतील शास्त्रज्ञ शाळा-महाविद्यालयांत जाऊन विषय समजावून देतात, खोडदलाही विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरते, याचे स्वागतच आहे. परंतु जे काम कर्तव्याचे आहे ते उत्साहावर सोपवून चालत नाही. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्केच होता. तो वाढावा असे वाटत असेल, तर त्याची मागणी करणारा जाणता मतदार आधी निर्माण झाला पाहिजे.

शासनाची वाट न पाहता करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. कचेऱ्यांतून आणि शाळांतून भिशी चालते, ती आपल्या परिचयाची आहे. दरमहा प्रत्येकजण आपला हप्ता टाकतो आणि एकाला सगळी रक्कम मिळते. अशीच ज्ञानाची भिशी एखाद्या ग्रंथालयात, शिक्षकांच्या खोलीत, वसतिगृहात सुरू करावी. महिन्यातून एकदा एकाने एक शोध नीट वाचून यावा, मराठीत समजावून सांगावा आणि इतरांनी वरील तीन प्रश्न विचारावेत. पैशांच्या भिशीत रक्कम एकालाच मिळते. या भिशीत हप्ता एकाने भरावयाचा आणि रक्कम प्रत्येकाला पूर्ण मिळावयाची. एवढा व्याजदर कोणतीही बँक देत नाही!

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. सामान्यांच्या भाषेत थोर गोष्ट सांगण्याची रीत या भूमीला शिकविण्याची गरज नाही. पुढील काही वर्षांत औंढ्याची यंत्रे विश्वाच्या कानाकोपऱ्यांतील हालचाली ऐकू लागतील. त्या वेळी वेधशाळेच्या कुंपणाबाहेरच्या शेतात खुरपणी करणाऱ्या माणसाने ‘आज काय ऐकू आले?’ असे विचारले, आणि त्याच्या मुलीने शाळेतून येऊन त्याला ते सांगितले, तर २,६०० कोटी सत्कारणी लागले असे म्हणता येईल. तोवर पोहरा विणण्याचे काम आपले आहे.